डिस्क १०० टक्के, वेग एक एमबी

पाच-सहा वर्षं वापरलेला, हार्ड डिस्कवर चालणारा एखादा लॅपटॉप सुरू करा. डेस्कटॉप दिसला की टास्क मॅनेजर उघडा. तो उघडायलाही वेळ लागेल, पण उघडल्यावर त्यातले रकाने नीट बघा. सीपीयूचा वापर वीस-पंचवीस टक्के, रॅम साठेक टक्के आणि डिस्क १०० टक्के. आता ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन त्याच डिस्कचा वाचनाचा वेग पाहा. तो सेकंदाला एक एमबीच्या आसपास घुटमळत असतो. याच डिस्कवरून एखादा सिनेमा कॉपी केला तर सेकंदाला शंभरेक एमबी सहज निघतात. मग ती एक एमबी देताना १०० टक्के गुंतलेली कशी?

‘लॅपटॉप हँग होतोय’ म्हणून दुकानात गेलं की बहुतेकांना ‘फॉरमॅट मारून देतो’ किंवा ‘आता नवाच घ्या’ यांपैकी एक उत्तर मिळतं. फॉरमॅट मारल्यावर काही महिने बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खरं दुखणं वरच्या दोन आकड्यांमध्ये आहे. ते कळण्यासाठी हार्ड डिस्कच्या पोटात डोकवावं लागतं.

एखादी बाद झालेली अडीच इंची डिस्क मिळाली तर तिचं झाकण जरूर उघडून बघा. चालू डिस्क उघडायची सोय नाही, कारण धुळीचा एक कणही तिला पुरतो. आत एक किंवा दोन चकचकीत तबकड्या असतात. शेजारी खुंटीभोवती मागेपुढे होणारा निमुळता हात आणि त्याच्या टोकाला, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं, वाचणारं-लिहिणारं हेड. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, डेस्कटॉपच्या डिस्कची ७,२००. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्यामुळे तयार होणाऱ्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असतं. एवढं नाजूक यंत्र पाठीवरच्या बॅगेत घेऊन लोक वर्षानुवर्षं लोकलने प्रवास करत आले आणि बहुतेकांच्या डिस्क टिकल्या, याचं मला आजही कौतुक वाटतं.

तर, या डिस्कवरचा माहितीचा एक तुकडा हवा आहे. त्यासाठी आधी हात योग्य त्या वर्तुळावर सरकला पाहिजे. लॅपटॉपच्या डिस्कला त्यासाठी सरासरी बारा मिलिसेकंद लागतात. मग तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. एका फेरीला ११ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी धरली तर साडेपाच. एकूण साडेसतरा मिलिसेकंद झाले. या हिशेबाने सेकंदाला ५७ तुकडे हाती लागतात, त्याहून जास्त नाही. तुकडा ४ केबीचा असेल, आणि विंडोज पुष्कळदा एवढेच लहान तुकडे मागतं, तर सेकंदाभरात २२८ केबी मिळाले. तुकडे थोडे मोठे असले की हाच आकडा एक एमबीपर्यंत जातो. सिनेमाची गोष्ट वेगळी. ती फाइल बहुतांशी सलग लिहिलेली असते. एकदा हात जागेवर पोचला की तबकडी फिरत राहते आणि माहिती वाहत राहते. शंभर एमबी खरे आणि एक एमबीही खरा. पहिल्या वेळी डिस्क वाचत होती, दुसऱ्या वेळी तिचा जवळजवळ सगळा वेळ जागा गाठण्यात जात होता.

संगणक रोज जे काम करतो ते सिनेमा कॉपी करण्यासारखं नसतं, इथे खरी गोम आहे. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात. त्याच सुमाराला अँटिव्हायरस जागा होतो, अपडेट तपासलं जातं, सर्चची सूची तयार व्हायला लागते, क्लाउडवाला प्रोग्रॅम आपलं फोल्डर चाळायला घेतो. प्रत्येकाला डिस्कचा वेगळा कोपरा हवा असतो आणि हात मात्र एकच. समजा, या सगळ्यांनी मिळून तीस हजार लहान तुकडे मागितले. सेकंदाला ५७ या दराने पावणेनऊ मिनिटं झाली. विंडोज पुढचं ओळखून आधीच वाचून ठेवणं, मागण्यांचा क्रम लावणं अशा बऱ्याच युक्त्या करतं, म्हणून प्रत्यक्षात वेळ कमी लागतो. तरी सकाळी ऑफिसात आल्यावर संगणक चालू करून चहाला जाण्याची सवय एका पिढीला लागली ती यामुळेच. मराठी डीटीपी करणाऱ्यांच्या मशीनवर तर शेकडो फॉन्टच्या फाइली असतात, एकेक लहानशी. कोरल ड्रॉ उघडताना त्यांची छाननी सुरू झाली की कर्सर गोल फिरत राहतो, हे त्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

हार्ड डिस्क बनवणाऱ्यांनी इतक्या वर्षांत काही केलं नाही, असं मात्र नाही. आयबीएमने १९५६ साली रॅमॅक संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, सगळं मिळून टनभर वजन आणि क्षमता जेमतेम पावणेचार एमबी. मोबाइलवर काढलेला एक फोटो मावेल, दुसरा मावायचा नाही. आज तळहातावर मावणारी ३० टीबीची डिस्क मिळते. क्षमता ऐंशी लाख पट झाली. आता दुसरा आकडा बघा. रॅमॅकला हवी ती नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायचे. आजच्या चांगल्या डिस्कला बाराएक लागतात. म्हणजे सुधारणा झाली पन्नास पट. एकीकडे ऐंशी लाख, दुसरीकडे पन्नास. दाटी वाढवणं हे चुंबकीय पदार्थांचं आणि सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सचं काम होतं, तिथे विज्ञानाने कमाल केली. पण धातूचा हात हलवणं आणि तबकडी फिरवणं हे यंत्राचं काम. तिथे वजन, कंप, उष्णता, हवेचा विरोध आडवे येतात. सर्व्हरसाठी मिनिटाला १५,००० फेऱ्यांच्या डिस्क २००० च्या सुमाराला आल्या. त्यापुढे कोणी गेलं नाही.

याच काळात प्रोसेसर कुठल्या कुठे गेला आणि वाट बघण्याची दरी रुंदावत राहिली. रॅममधून काही आणायला प्रोसेसरला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद, मिलिसेकंद हे शब्द कानाला सारखेच वाटतात, म्हणून काळ ताणून बघू. रॅमला लागणारा वेळ एक सेकंद धरला, तर एसएसडीकडून, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी बसवायच्या चिपांच्या ड्राइव्हकडून, उत्तर यायला सुमारे सतरा मिनिटं लागतील. आणि लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचं उत्तर येईल दोन दिवसांनी.

रॅम कमी असली की डिस्कचं दुखणं आणखी वाढतं ते यामुळेच. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की रॅम भरते. मग विंडोज रॅममधला काही भाग डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. एका सेकंदाचं काम दोन दिवसांवर जातं ते इथे. एका टॅबवरून दुसऱ्यावर जाताना पडदा पांढरा पडतो आणि आपण माऊस आपटतो. अशा मशीनला रॅम आणि एसएसडी दोन्ही हवं. ८ जीबी रॅम असूनही मशीन रखडत असेल, तर पहिले पैसे एसएसडीवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

एसएसडीत काय असतं? हलणारं काहीच नसतं. तोशिबातले जपानी अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरीची कल्पना जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. आजचे पेन ड्राइव्ह, मोबाइलची मेमरी, एसएसडी ही सगळी त्याच नँडची लेकरं. सिलिकॉनच्या सूक्ष्म घरांमध्ये विद्युतभार कोंडून ठेवायचा आणि वीज गेली तरी तो तिथेच राहील अशी तजवीज करायची, हे तिचं मर्म. घर पहिलं असो की कोट्यवधीवं, तिथे पोचायला सारखाच वेळ लागतो, सुमारे १०० मायक्रोसेकंद. हार्ड डिस्कच्या साडेसतरा मिलिसेकंदांच्या तुलनेत पावणेदोनशे पट कमी.

पण एसएसडी विकली जाते ती वेगळ्याच आकड्यावर. साटा या नेहमीच्या जोडणीवर चालणाऱ्या साध्या एसएसडीच्या खोक्यावर ‘सेकंदाला ५५० एमबी’ असं ठळक छापलेलं असतं. हार्ड डिस्कच्या पाचपट. हा आकडा सलग वाचनाचा आहे, सिनेमावाला. लहान लहान तुकडे एकामागून एक वाचताना हीच एसएसडी सेकंदाला तीस-चाळीस एमबी देते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण इथे हार्ड डिस्क पाव एमबीवर अडलेली असते. शंभराहून जास्त पट हा खरा फरक, आणि तो खोक्यावर कुठेच नसतो.

एवढं लक्षात आलं की नेहमीच्या एका प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. ‘माझा लॅपटॉप फार जुना आहे, त्यात साटा-२ आहे. त्यावर एसएसडी पूर्ण वेगाने चालणार नाही ना? मग फायदा काय?’ साटा-२ च्या वाटेने सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या वर जाता येत नाही, हे खरं. सलग वाचन निम्म्यावर येईल. पण रोजच्या कामातले लहान तुकडे तीस-चाळीस एमबीच्या वर जातच नाहीत, त्यांना त्या मर्यादेची झळ लागत नाही. दहा-बारा वर्षांच्या मशीनमध्येही एसएसडी टाकलेली वाया जात नाही. जुन्या मशीनची दुसरी अडचण मात्र एसएसडीने सुटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही. अशा मशीनवर एसएसडी घालून लिनक्स टाकलं तर पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट एवढी कामं आणखी काही वर्षं उत्तम होतात.

आता एनव्हीएमई. साटा एसएसडी ज्या भाषेत संगणकाशी बोलते ती एएचसीआय ही पद्धत २००४ ची, हार्ड डिस्क डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली. मागण्यांची एकच रांग आणि त्या रांगेत फार तर ३२ जण. तबकडीला एवढं पुरे होतं. फ्लॅशमध्ये एकाच वेळी अनेक चिपांतून वाचता येतं, तिथे ही रांग तोकडी पडली. म्हणून २०११ साली एनव्हीएमई हे नवं मानक आलं. त्यात रांगाच चौसष्ट हजारांवर ठेवता येतात आणि ड्राइव्ह साटाची वाट सोडून थेट पीसीआय एक्सप्रेसवर बसतो. खोक्यावरचे आकडेही त्या मानाने फुगले. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत सेकंदाला ३,५०० एमबी, चौथीत ७,०००, पाचवीत १४,००० च्या घरात.

हे आकडे खोटे नाहीत. पण एकामागून एक लहान तुकडे वाचायला दिले की हे ड्राइव्ह साठ ते नव्वद एमबी देतात, साटा एसएसडीच्या साधारण दुप्पट. आणि ती दुप्पटही हाताला जाणवत नाही, कारण तोवर अडथळा दुसरीकडे गेलेला असतो. समजा, एक प्रोग्रॅम हार्ड डिस्कवरून उघडायला तीस सेकंद लागतात. त्यातले सत्तावीस डिस्कची वाट बघण्यात आणि तीन प्रोसेसरच्या कामात जातात. साटा एसएसडीने सत्तावीसचा एक सेकंद केला, एकूण झाले चार. एनव्हीएमईने त्या एकाचा अर्धा केला, एकूण साडेतीन. पुढे कितीही महागडा ड्राइव्ह आणला तरी प्रोसेसरचे तीन सेकंद तिथेच राहणार. संगणकशास्त्रज्ञ जीन अमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम तो हाच: एकूण कामाचा जेवढा भाग तुम्ही सुधारलेला नाही, तेवढी तुमच्या वेगाची मर्यादा.

वाट बघण्याचा वेळ खरोखर कमी करणारी एक वस्तू मध्यंतरी आली होती. इंटेलचे ऑप्टेन ड्राइव्ह २०१७ मध्ये निघाले. त्यांना उत्तर द्यायला दहाएक मायक्रोसेकंद पुरायचे, लहान तुकड्यांत ते भल्याभल्यांना मागे टाकायचे. पण किंमत फार होती आणि सलग वेगाचा छापील आकडा स्पर्धकांपेक्षा लहान दिसायचा. २०२२ मध्ये इंटेलने हा उद्योग गुंडाळला. चांगलं तंत्र होतं. गेलं याची हळहळ वाटते.

मग एनव्हीएमई कोणासाठी? ४के चित्रीकरणाच्या शेकडो जीबींच्या फाइली संपादित करणाऱ्यांना, एका मशीनवर तीन-चार आभासी मशीन चालवणाऱ्यांना, मोठमोठे डेटाबेस हाताळणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होतो. लॅपटॉपमध्ये त्याची खाच असेल तर इतरांनीही तोच घ्यावा, कारण त्याच्या आणि साटाच्या किमतीत आता फारसं अंतर नसतं. पाचव्या पिढीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे दुप्पट क्षमतेवर किंवा रॅमवर घालवले तर रोजच्या वापरात त्यांचं चीज होईल.

स्वस्त आणि बऱ्या एसएसडीतला फरक पहिल्या दिवशी दिसत नाही. तो दिसतो भरपूर लिहायची वेळ आली की. फ्लॅशच्या एका घरात एक बिट ठेवायचा तर विद्युतभाराच्या दोन पातळ्या ओळखल्या की झालं. टीएलसी प्रकारात एका घरात तीन बिट कोंबतात, म्हणजे आठ पातळ्या. क्यूएलसीत चार बिट, सोळा पातळ्या. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकं लिहिणं जपून आणि सावकाश. यावर उपाय म्हणून ड्राइव्ह आपल्या मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता एकबिटी पद्धतीने वापरतो, येणारी माहिती तिथे झटपट उतरवून घेतो आणि सवडीने आत नीट लावतो. लग्नाचं शूटिंग करणारा माणूस दोनशे जीबीची कार्डं रात्री रिकामी करायला बसतो, तेव्हा पहिले पन्नास-साठ जीबी धडाधड उतरतात. ती तात्पुरती जागा भरली की वेग एकदम कोसळतो. स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हवर तो हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. ज्याचं काम असं आहे त्याने टीएलसी बघूनच घ्यावं. नुसतं टायपिंग आणि ब्राउझिंग करणाऱ्याला क्यूएलसीने काही बिघडत नाही.

ड्राइव्ह काठोकाठ भरू नये, हेही याच रचनेतून येतं. फ्लॅशमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. लिहिणं होतं लहान पानावर आणि पुसणं होतं शेकडो पानांच्या गठ्ठ्यावर. त्यामुळे गठ्ठ्यातली कामाची पानं दुसरीकडे हलवून मग तो पुसायचा, अशी आवराआवर ड्राइव्ह आतल्या आत करत असतो. कुठली पानं आता नकोत हे विंडोज त्याला ट्रिम नावाच्या आज्ञेने कळवतं. मोकळी जागा असली की ही कामं बिनबोभाट होतात. नसली की तुमच्या कामाच्या मध्येच होतात. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवावी. डीफ्रॅगमेंट करणं, म्हणजे विखुरलेले तुकडे सलग लावणं, ही हार्ड डिस्कच्या काळातली सवय. एसएसडीत पानं विखुरलेली असली तरी वेळ तेवढाच लागतो, त्यामुळे ती आता सोडून द्यावी.

‘एसएसडी लिहून लिहून झिजते’ ही भीती अजून ऐकू येते. ती झिजते, पण हिशेब करून बघा. ५०० जीबीच्या टीएलसी ड्राइव्हला कंपन्या साधारण ३०० टीबी लिखाणाची हमी देतात. रोज २० जीबी लिहिलं, आणि घरगुती वापरात एवढं क्वचितच होतं, तरी ती हमी संपायला चाळीसहून जास्त वर्षं लागतील.

खरेदीला लॅमिंग्टन रोडवर जा, पुण्याच्या तपकीर गल्लीत जा किंवा ऑनलाइन मागवा, आधी आपल्या मशीनमध्ये काय बसतं ते बघा. एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या चपट्या पट्टीत साटा ड्राइव्हही येतो आणि एनव्हीएमईही. फक्त एनव्हीएमई ओळखणाऱ्या खाचेत साटाची पट्टी बसते, पण चालत नाही. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात खात्री केली की दुकानातला हेलपाटा वाचतो. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी साठवण बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती बदलता येत नाही. आणि हजार-दोन हजारांत १६ टीबीची एसएसडी कोणी देऊ केली तर घेऊ नका. असल्या डबीत लहानसं मेमरी कार्ड बसवलेलं असतं आणि संगणकाला क्षमता खोटी सांगितली जाते. तुम्ही भरत राहता आणि जुन्या फाइलींवर नव्या चढत राहतात.

हार्ड डिस्कचं काम यामुळे संपलेलं नाही. दर टीबीमागे ती अजून बरीच स्वस्त आहे. सीसीटीव्हीचं चित्रीकरण, फोटोंचे साठे, क्लाउड कंपन्यांची प्रचंड गोदामं अशा ठिकाणी तिचाच वापर होतो, कारण तिथे माहिती सलग लिहायची आणि क्वचित वाचायची असते. एसएसडी टाकल्यावर दुकानदार काढलेली जुनी डिस्क परत देतो. ती चांगली असेल तर यूएसबीच्या केसमध्ये घालून बॅकअपसाठी ठेवावी, आणि हा बॅकअप एसएसडी घेतल्यावर आधीपेक्षा जास्त गरजेचा होतो. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते, टकटक आवाज करते, फाइली उघडायला वेळ लावते. एसएसडी पुष्कळदा एका क्षणी दिसेनाशीच होते. चुकून पुसलेली फाइलही ट्रिममुळे थोड्याच वेळात कायमची जाते, डेटा परत मिळवून देणाऱ्यांनाही तिथे फारसं काही करता येत नाही. लिखाणाची मर्यादा पूर्ण झालेल्या एसएसडीने बंद अवस्थेत ३० अंश तापमानाला वर्षभर माहिती सांभाळावी, एवढीच जेडेक या संस्थेच्या मानकाची घरगुती ड्राइव्हकडून अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून पुष्कळ जास्त टिकते, पण आपल्याकडे उन्हाळ्यात बंद कपाटातलं तापमान तिशीच्या बरंच वर जातं. वर्षानुवर्षं न उघडता ठेवायचे फोटो असतील तर ते हार्ड डिस्कवर ठेवा, शक्य असेल तर दोन डिस्कवर, आणि वर्षातून एकदा त्या जोडून फाइली उघडतात ना ते बघा.